झीज आणि जुळणी

मराठी भाषेने ‘झिजणे’ या क्रियापदाला मोठा मान दिला आहे. चंदन झिजते तेव्हा गंध दरवळतो. माणूस दुसऱ्यासाठी झिजतो तेव्हा त्याचे नाव आदराने घेतले जाते. परंतु चपलेची टाच, देवळाची पायरी किंवा यंत्राचा एखादा भाग झिजला की तीच झीज केवळ नुकसान ठरते. माणसाच्या झिजेत मूल्य पाहणारी दृष्टी वस्तूच्या झिजेपुढे एकाएकी हिशेबी का होते, हा प्रश्न वरवर भाषेचा वाटला तरी मुळात नैतिक आहे. जुने इंजिन उतरवून, त्याचा भाग न् भाग सुटा करून ते पुन्हा उभे करण्याच्या कामात तो विशेष स्पष्टपणे समोर येतो.

उदाहरण मारुती ८०० या मोटारीचे घेता येईल. डिसेंबर १९८३ मध्ये पहिल्या गाड्या ग्राहकांच्या हाती आल्या आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. भारतातील असंख्य कुटुंबांच्या दारी उभी राहिलेली ती पहिली मोटार. तीन सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८.५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७२ मिलिमीटर आणि एकूण क्षमता ७९६ घन सेंटिमीटर, एवढाच तिच्या इंजिनाचा पसारा. अंगाने हलकी आणि सुटे भाग सहज मिळणारी ही गाडी हौशी मंडळींच्या हाती पडली, तेव्हा तिच्यावर नाना प्रयोग झाले. हेड घासून आतला दाब वाढवला गेला, मोठा कार्ब्युरेटर बसवला गेला, सायलेन्सर मोकळा झाला, कॅमशाफ्ट बदलला गेला. अशी गाडी काही काळ मोठ्या उमेदीने धावते. मग मागून निळसर धूर येऊ लागतो, चढावर तिला दम लागतो, तेलाची पातळी वारंवार खाली जाते आणि इंजिन खोलण्याची वेळ येते.

खोललेले इंजिन ही वापराची वही असते. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला पोहोचलेला पिस्टन क्षणमात्र थांबून उलट फिरतो. तेथे तेलाचा पापुद्रा टिकत नाही, उष्णता आणि दाब मात्र अधिक असतो. म्हणून वरची रिंग जेथून परतते तेथेच झीज सर्वांत खोल असते, आणि तिच्यावर न झिजलेल्या धातूचा कंगोरा बोटाला लागतो. कनेक्टिंग रॉडच्या तिरप्या रेट्यामुळे मूळचा गोल सिलिंडर किंचित लंबगोल होतो. हवेच्या फिल्टरची हेळसांड झाली असेल तर धुळीने ओढलेल्या उभ्या रेघा दिसतात. तेल वेळेवर बदलले नसेल तर बेअरिंगच्या मऊ अस्तरावर चरे उमटतात. मालकाच्या तोंडच्या हकिकतीपेक्षा हा धातू अधिक खरे सांगतो. म्हणूनच या कामातील पहिले कर्तव्य मोजण्याचे आहे. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील फट मिलिमीटरच्या शतांशांत मोजावी लागते. न मोजता ‘चालेल’ असे म्हणणाऱ्याची तांत्रिक चूक पुढे कधीतरी उघड होते; सत्याशी त्याने केलेली तडजोड मात्र त्याच क्षणी घडून गेलेली असते.

बेअरिंगचे ते अस्तर मुद्दामच मऊ ठेवलेले असते. कण शिरला तर तो अस्तरात रुतावा आणि कठीण, महागडा क्रँकशाफ्ट वाचावा, अशी ती योजना. कोणी झिजायचे आणि कोणी टिकायचे हे यंत्र रचणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. धातूला वेदना नाही, म्हणून ही नेमणूक निर्दोष आहे. माणसांच्या जगात अशी नेमणूक झाली की चंदनाची उपमा पुढे येते. झिजणाऱ्याची संमती घेतली होती काय, हा प्रश्न त्या गंधात विरून जातो. वस्तूच्या झिजेकडे नीट पाहण्याची सवय असलेला माणूस हा प्रश्न सहसा विसरत नाही.

सगळे भाग सुटे होऊन टेबलावर मांडले गेले की एक जुना प्रश्न उभा राहतो: आता इंजिन कोठे आहे? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्या रथाविषयी असाच प्रश्न विचारतो. आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, असे विचारत तो राजाला या निष्कर्षापर्यंत आणतो की रथ हे या सर्वांच्या आधाराने वापरले जाणारे एक नाव आहे. आधुनिक शासनव्यवस्थेने याचे उत्तर क्रमांकात शोधले. चासीवर एक क्रमांक, इंजिनावर दुसरा, आणि दोहोंची नोंद प्रमाणपत्रात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही मर्यादा अधोरेखित केली. रस्त्यावरच्या इतरांच्या सुरक्षिततेसाठी ती आवश्यकच आहे. पण क्रमांक सांगतो ती ओळख बाहेरची.

आतली ओळख कारागिराला ठाऊक असते. क्रँकशाफ्टला धरून ठेवणाऱ्या मेन बेअरिंगच्या टोप्या ब्लॉकवर बसवूनच एका रेषेत कोरलेल्या असतात. त्यामुळे प्रत्येक टोपी तिच्याच जागी आणि तिच्याच दिशेने परत बसवावी लागते. दिसायला सारख्या असलेल्या दोन टोप्यांची अदलाबदल झाली तर शाफ्ट आवळून बसतो. कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी यांचेही नाते असेच. म्हणून जाणता मिस्त्री सोडवतानाच खुणा करतो आणि भाग क्रमाने मांडतो. इंजिन सुट्या भागांत नसते, नावातही नसते. एका भागाने दुसऱ्यासाठी राखलेल्या नेमक्या अंतरात ते असते. नागसेनाच्या प्रश्नाला गॅरेजमध्ये मिळणारे उत्तर हे आहे.

मात्र हे नाते पुन्हा जुळवण्याची किंमत असते, आणि ती धातूतच मोजावी लागते. लंबगोल झालेला सिलिंडर पुन्हा गोल करायचा तर तो आणखी कोरावा लागतो आणि त्यात मोठा पिस्टन घालावा लागतो. व्यास अर्ध्या मिलिमीटरने वाढला की ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन सुमारे ८०८ चे होते. झिजलेल्यावरचा उपाय म्हणजे आणखी झिजवणे, आणि हा उपाय फार वेळा करता येत नाही. भिंत पातळ होत जाते; शेवटी जुने भोक रुंदावून त्यात स्लीव्ह घालणे एवढाच मार्ग उरतो. प्रत्येक दुरुस्ती ही उरलेल्या आयुष्यावरची उचल असते.

वेगासाठी केलेला बदल त्याच शिलकीवर हात टाकतो. फिरण्याची गती दुप्पट झाली की पिस्टनच्या जडत्वाचा रॉडवरचा ताण चौपट होतो. घासलेल्या हेडचा धातू परत येत नाही. तरीही बदल करणाऱ्याला उधळ्या ठरवणे अन्यायाचे होईल. पुष्कळदा तोच आपले यंत्र आतून जाणतो. आज्ञाधारक मालकाला बॉनेटखाली काय आहे हेही माहीत नसते. जिज्ञासेला वस्तू उघडण्याचा अधिकार आहेच. दोष बदलात नसून एकाच भागाकडून अधिक मागून उरलेल्यांना न विचारण्यात आहे. दाब वाढवला तर थंडावा, तेल आणि ब्रेक या तिघांनाही उत्तर द्यावे लागते. ज्याने हे नाते सांभाळले त्याचा बदल म्हणजे नवी रचना; ज्याने टाळले त्याची ती उचल दुसऱ्याच्या नावावर.

तो दुसरा कोण, हा या विषयाचा खरा गाभा आहे. अशी गाडी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. जुळणी संपून झाकण बसले की आतले काम कोणालाही दिसत नाही. लंबगोल सिलिंडरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालून, बाहेरून रंग मारून इंजिन ‘नवे’ म्हणून उभे करता येते. ते काही महिने चालतेही. पुढचा मालक कदाचित आयुष्यातली पहिली मोटार घेणारा असेल, पुंजी मोडून आलेला असेल. त्याचे नाव, चेहरा, गाव काहीही माहीत नसताना, कोणी पाहत नसताना, हेडचे बोल्ट ठरल्या क्रमाने मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळणारा हात त्या अनोळखी माणसाशी प्रामाणिक राहतो. साक्षीदार आणि कृतज्ञता या दोहोंची अपेक्षा सोडून केलेले कर्म कसे असते, हे पाहायला फार दूर जावे लागत नाही.

पुन्हा उभे केलेले इंजिन लगेच पूर्ण होत नाही. नव्या सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरप्या रेघा ठेवलेल्या असतात, कारण आरशासारख्या गुळगुळीत भिंतीवर तेल थांबत नाही. पहिल्या काही शे किलोमीटरांत रिंगा आणि भिंत एकमेकींची टोके हलके घासतात आणि त्यातूनच दाब धरून ठेवणारी जुळणी तयार होते. या काळात फार ताण चालत नाही, तसे फार लाडही चालत नाहीत; अतिशय हळू चालवलेल्या इंजिनात रिंगा नीट बसतच नाहीत. ज्या झिजेपासून सुटका हवी म्हणून एवढा खटाटोप केला, तिच्याच थोड्या मोजक्या वाट्याने नवे नाते पक्के होते. वस्तूला पुन्हा कोरे करणे माणसाच्या हाती नाही. तिची उरलेली झीज कोणासाठी आणि कशासाठी खर्चायची, हे ठरवणे मात्र त्याच्या हाती आहे.