पोथी खरी की प्रचीती?

शंका : मी पवनी तालुक्यातला धानउत्पादक शेतकरी. घरात वडिलांपासून दासबोधाचे वाचन आहे. काही वर्षांपासून पहाटे नामस्मरणाला बसतो. अलीकडे मन इतके निवांत होते की ‘मी’ वेगळा उरत नाही. भजनी मंडळातले एक बुवा म्हणतात, पोथीबाहेरचे सारे मनाचे खेळ. दुसरे म्हणतात, अनुभव आला, आता पोथी बासनात बांधा. कोणाचे ऐकू?

समाधान : पोथी बांधू नका आणि बैठकही मोडू नका. दासबोधाचा पहिला समास पुन्हा काढा. समर्थ रामदास तिथे ग्रंथाचे आधार सांगतात. उपनिषदे, वेदान्त, श्रुती यांची नावे घेऊन ते आत्मप्रचीतीला मुख्य म्हणतात, पण शास्त्रांसह. शास्त्राची, गुरूची आणि स्वतःची प्रचीती जुळली, की साधकाला खात्री बाळगता येते.

हीच रीत तुमच्या वैनगंगेकाठी सापडते. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांच्या सीमेवरच्या आंभोऱ्याला मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतल्या हरिनाथांची समाधी दाखवतात. शके १११० (इ.स. ११८८) चा मानला जाणारा मुकुंदराजांचा ग्रंथ ‘विवेकसिंधु’ तिथेच रचला गेला, अशी विदर्भात श्रद्धा आहे, तर अंबाजोगाईकर तो मान आपल्या गावाला देतात. स्थळ कोणतेही असो, मुकुंदराज शंकराचार्यांच्या विचाराचा आधार उघड सांगतात, गुरूंचे ऋण मानतात आणि शिष्याला त्याच्या स्वतःच्या अनुभवापर्यंत नेतात. ज्यांचा आधार त्यांनी घेतला त्या आचार्यांनीही ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्याच सूत्रावरील भाष्यात श्रुतीबरोबर अनुभवाला प्रमाण मानले आहे, कारण ब्रह्मज्ञानाची परिणती अनुभवातच होते.

शंका : गावातले बौद्ध मित्र सांगतात, बुद्धांनी कालाम नावाच्या लोकांना ग्रंथ प्रमाण मानू नका असे सांगितले. मग स्वतःचा अनुभवच शेवटचा ना?

समाधान : पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप सापडला आहे, तेव्हा हा उपदेश तुमच्या मातीला परका नाही. म्हणून तो पुरता ऐकावा. परंपरा किंवा ग्रंथ सांगतो एवढ्यावरून मानू नका, हे खरे. पण केवळ तर्काला पटते किंवा आपल्या मताशी जुळते म्हणूनही मानू नका, असे त्याच उपदेशात आहे. लोभ, द्वेष आणि मोह यांनी माणसाचे हित होते की अहित, हे बुद्ध कालामांनाच विचारतात. जाणत्यांनी काय निंद्य ठरवले, हेही पाहायला सांगतात. म्हणजे अनुभवालाही परीक्षा द्यावी लागते.

शंका : ती परीक्षा मी घरी कशी घ्यावी?

समाधान : बैठकीतून उठल्यावरच्या वागण्यात ती घ्या. रोवणीच्या घाईत मजुरांशी बोलताना जीभ सैल सुटते का? बांधाच्या वादात भावाचे म्हणणे पुरते ऐकून घेता का? राग ओसरत असेल आणि दुसऱ्याचे दुःख लवकर कळत असेल, तर वाट बरोबर आहे. ‘मला कळले, इतरांना नाही’ असे वाटू लागले, तर अनुभव कितीही गोड असला तरी त्याच्यावर विसंबू नका. झोप उडाली, कानात आज्ञा ऐकू येऊ लागल्या, तर विनासंकोच डॉक्टरांना भेटा. त्यात श्रद्धेला कमीपणा नाही.

पोथीलाही हीच कसोटी लावा. एखादे वचन माणसाला जन्मावरून हीन ठरवत असेल, तर ते जुने आहे म्हणून शिरोधार्य मानू नका. तुम्हाला बैठकीत ‘मी’ वेगळा उरत नाही असे जाणवते. ते खरे असेल, तर उच्चनीच मानणाऱ्या वचनाला तुमच्या मनात जागा राहणार नाही.

उद्यापासून बैठकीनंतर एकच समास वाचा, तो दिवसभर वागून पाहा, आणि अनुभव मंडळात सांगत न बसता एखाद्या निःस्वार्थी, जाणत्या माणसापाशी मोकळेपणाने मांडा. तो चूक दाखवील, तर रागावू नका. त्याचे म्हणणेही वागण्यात तपासून घ्या.