नसणे आणि न दिसणे

एखादी वस्तू दिसली नाही एवढ्यावरून ती नाहीच असे म्हणता येते काय, या प्रश्नाची भारतीय दर्शनांनी फार बारकाईने छाननी केली आहे. कुमारिल भट्टाच्या मीमांसेने आणि पुढे अद्वैत वेदान्ताने अभावाचे ज्ञान करून देणारे ‘अनुपलब्धि’ हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, मानले; जमिनीवर घडा दिसत नाही म्हणून तो तेथे नाही, हे त्याचे ठरलेले उदाहरण. धर्मराजाध्वरीन्द्रांच्या ‘वेदान्तपरिभाषे’त मात्र या प्रमाणाला एक अट आहे : अनुपलब्धि ‘योग्य’ हवी, म्हणजे वस्तू तेथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. काळोखात घडा न दिसण्याने घड्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. दुर्मिळ आजारांविषयी डॉक्टर, परिचारिका व तंत्रज्ञ यांना जागरूक करण्याचा विषय सहसा प्रशिक्षणाच्या खात्यात टाकला जातो, परंतु त्याच्या मुळाशी ही अट आहे.

अंधेरीसारख्या उपनगरात पावसाळ्यात दवाखान्याच्या बाकावर तापाचे रुग्ण दाटीवाटीने बसलेले असताना डॉक्टरांनी आधी मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो यांचाच विचार करावा, हे रास्तच आहे. मात्र न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, जिला व्याप्ती म्हणतात, ती धूर आणि अग्नी यांच्यातील संबंधासारखी अपवादरहित असते, तर दवाखान्यातील हा नियम बहुतेक वेळा खरा ठरणारा, एवढाच असतो. अपवाद कसा निसटतो, हे स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, या आनुवंशिक आजारात स्पष्ट दिसते. त्यात एका जनुकातील दोषामुळे मज्जारज्जूतील, स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या पेशी मरत जातात आणि तीव्र प्रकारात पहिल्या सहा महिन्यांतच लक्षणे दिसू लागतात. बाळ मान धरत नाही, असे आई सांगते. काही मुले उशिरा धरतात, असे घरची वडीलधारी मंडळी म्हणतात. आणि लसी वेळेवर झालेले, डोळ्यांनी तरतरीत बाळ पाहून दवाखानाही तेच म्हणतो. त्याच बाळाचे दोन्ही हात धरून त्याला हलकेच उठवले तर मान मागे लोंबते, गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही, आणि तोंडात स्वस्थ असलेल्या जिभेवर बारीक थरथर दिसते. मात्र रडणाऱ्या बाळाची जीभ एरवीही हलतच असल्याने, त्यासाठी रडे थांबेपर्यंत वाट पाहावी लागते. ही वाट पाहणे म्हणजेच अनुपलब्धीला ‘योग्य’ करणे होय. 2021 मध्ये अंधेरीतील एका कुटुंबाने बाळाच्या एसएमएसाठी सुमारे 16 कोटी रुपयांचे जनुकीय औषध लोकवर्गणीतून मिळवले आणि केंद्र सरकारने त्यावरील कर माफ केले, तेव्हा आजाराचे नाव घरोघर पोचले. चर्चा किमतीची झाली. ते औषध मेलेल्या पेशी परत आणत नाही, म्हणून निदानात गेलेला प्रत्येक आठवडा महाग पडतो, ही बाब तिच्यात मागे राहिली.

व्याधीचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, कारण सर्वच विकारांना ठरलेली नावे नसतात, अशा आशयाचा उपदेश चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहे. आजच्या केसपेपरवर निदानाचा रकाना कोरा ठेवण्याची सोय नसल्याने तेथे ‘अशक्तपणा’ लिहिले जाते आणि पुढचा डॉक्टर तो शब्द आप्तवाक्याप्रमाणे, म्हणजे विश्वसनीय व्यक्तीच्या वचनाप्रमाणे, उचलतो. घरात हेच काम ‘प्रारब्ध’ हा शब्द करतो. चरकाने दैव नाकारलेले नाही, पण दुर्बल दैवावर पुरुषकाराने, म्हणजे या जन्मीच्या प्रयत्नाने, मात करता येते असे मानले आहे. आणि दैव दुर्बल की प्रबळ हे तपासणीआधी कोणाला कळणार?

2021 च्या राष्ट्रीय धोरणाने परळच्या केईएम रुग्णालयाला दुर्मिळ आजारांचे उत्कृष्टता केंद्र केले, तरी ‘दुर्मिळ’ची संख्येत बांधलेली व्याख्या त्या धोरणात नाही, कारण देशात रुग्णांची पुरेशी मोजदाद नाही, आणि जे ओळखलेच जात नाहीत त्यांची मोजदाद होणार तरी कशी?

काळोखातला घडा दिसायला उजेड लागतो; पण उजेड असणे एवढीच अट पुरेशी आहे काय, याचे उत्तर ज्या रक्तगटाला मुंबईचेच नाव मिळाले त्यात सापडते. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवलेला ‘बॉम्बे’ गट हा आजार नव्हे. या गटाच्या व्यक्तींच्या रक्तपेशींवर ए आणि बी ही द्रव्ये ज्याच्यापासून घडतात ते एच द्रव्यच नसते. नेहमीच्या तपासणीत ए नाही, बी नाही, म्हणून ‘ओ’ असा निष्कर्ष निघतो, आणि त्यावर विसंबून ओ गटाचे रक्त दिल्यास ते जिवावर बेतू शकते. उलट तपासणीत रुग्णाचा रक्तद्रव ए, बी आणि ओ गटांच्या पेशींत निरनिराळ्या नळ्यांत मिसळतात. खऱ्या ओ गटात ओ पेशींच्या नळीत गुठळ्या होत नाहीत, बॉम्बे गटात होतात. तेथे उजेड असतो, गुठळ्याही समोर असतात. पण ज्या तंत्रज्ञाने या गटाचे नावच ऐकलेले नाही, तो नळी नीट धुतली गेली नसावी असे समजून ती पुन्हा धुवायला टाकण्याचा संभव असतो.