मर्यादेच्या आंतला हादरा

नियम पाळला म्हणजे कर्तव्य संपलें काय? हा जुनाच प्रश्न दगडाच्या खाणींतील सुरुंगाच्या निमित्तानें आम्हांस पुन्हां विचारावासा वाटतो.

सुरुंगाच्या दारूची सर्वच शक्ति खडक फोडण्यांत खर्च होत नाहीं. तिचा कांहीं अंश लहरींच्या रूपानें जमिनींतून जवळच्या वस्तीपर्यंत पोंचतो. हा हादरा एकूण दारू किती, यापेक्षां एका क्षणीं किती उडाली, यावर अधिक अवलंबून असतो. म्हणून सर्व भोकें एकदम न उडवितां कांहीं मिलिसेकंदांच्या अंतरानें क्रमानें उडवितात. हल्लींच्या इलेक्ट्रॉनिक डिटोनेटरांनीं तर हें अंतर एकेका मिलिसेकंदाच्या हिशेबानें ठरवितां येतें. आधीं उडालेल्या भोकानें मागच्या दगडास सरकण्यास जागा करून दिलेली असते; त्यामुळें दगड नीट फुटतो आणि शेजारचें घरहि सांभाळलें जातें. संयम येथें कामाच्या आड येत नाहीं, उलट त्यास साह्यच करतो.

भारतांत खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानें, खाणमालकाच्या मालकीचीं नसलेल्या साध्या घरांसाठीं जमिनीच्या कंपनाचा वेग सेकंदास ५, १० व १५ मिलिमीटर असा बांधून दिला आहे. कंपन जितकें संथ, तितकी मर्यादा कडक; कारण संथ लहरींनीं घर अधिक डोलतें.

नियम शास्त्रशुद्ध खरा, पण तो भिंतीसाठीं आहे. मनुष्यास सेकंदास एक मिलिमीटरच्या आसपासचें कंपनहि जाणवतें. म्हणजे भिंतीस तडा न जातांहि फळीवरचीं भांडीं वाजतात, निजलेलें मूल दचकून उठतें. ‘आकडा मर्यादेच्या आंत आहे’ असें मालक म्हणतो, आणि ‘आमचें घर हादरलें’ असें शेजारची गृहिणी म्हणते. दोघांचेंहि खरें असतें.

कोणी म्हणेल, प्रत्येकाच्या भीतीस मान दिला तर रस्ते आणि धरणें बांधावीं कशानें? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. आमच्या स्वतःच्या घराचा पायाहि अशाच फोडलेल्या दगडाचा आहे. परंतु भीति कमी करण्याचे उपाय फारसे खर्चाचे नाहींत. ठरलेली वेळ पाळावी, आधीं भोंगा वाजवावा, घरांतील जुने तडे मालक व रहिवासी यांनीं मिळून अगोदरच नोंदून ठेवावे, आणि यंत्रावरचा आकडा शेजाऱ्यासहि दाखवावा. सांगून आलेला धक्का आणि अवचित आलेला धक्का हे यंत्रास सारखे असले, तरी मनुष्यास सारखे नसतात.

नियम हा कर्तव्याचा उंबरठा आहे, घर नव्हे. दोन भोकांमधील मिलिसेकंदांचा हिशेब जो चोख ठेवूं शकतो, त्यास शेजाऱ्याच्या दारीं जाऊन चार शब्द बोलण्यास सवड नाहीं, हें आम्हांस पटत नाहीं.