बाळाआधी तुझी विचारपूस

कुंभकोणमजवळून,
आषाढ

चि. सौ. नातसूनबाईस,

परवा फोनवर म्हणालीस, "आजी, बाळ रडायला लागलं की मलाच रडू फुटतं. माझंच काहीतरी चुकतंय." तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि बोलणं तिथंच राहिलं. म्हणून हे पत्र. तुझं काही चुकत नाही. तुझ्या घरात एक माणूस कमी आहे.

आमच्याकडे मेट्टूर धरणाचं पाणी रिवाजाप्रमाणे 12 जूनला सोडतात. ते कालव्यांतून शेतात आलं की कुरुवईच्या भाताची लावणी सुरू होते. बायका चिखलात वाकून रोपं खोवत जातात आणि त्यांची तान्ही बांधावर असतात. झाडाच्या फांदीला जुन्या साडीची झोळी, इथं तिला तूळी म्हणतात. शेजारी कुणीतरी म्हातारी चिंचा फोडत बसलेली. हात कामात, पण पायाच्या अंगठ्यात झोळीची दोरी. बाळ आतून "अं" करतं, म्हातारी म्हणते, "हो का गं? मग?" बाळ थांबतं, ऐकतं, पुन्हा "अं" करतं.

बाळाच्या मनाची वाढ होते ती अशा देवाणघेवाणीत. 1970 च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञानं आयांना सांगितलं, बाळासमोर बसा, पण दोनतीन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवा. बाळं आधी हसली, हात पुढे केले, आवाज काढले. आईकडून काहीच उत्तर येईना, तेव्हा हिरमुसली आणि त्यांनी तोंड फिरवलं. पण ट्रॉनिकचंच दुसरं निरीक्षण तुझ्यासाठी जास्त मोलाचं आहे. चांगल्या मायलेकरांचेही सूर सारखे जुळलेले नसतात. बराच वेळ ते चुकतात आणि पुन्हा जुळतात. हे पुन्हा जुळणंच महत्त्वाचं. तेव्हा प्रत्येक रडण्याचा अर्थ तुला लागलाच पाहिजे असं नाही. मात्र रात्रभर जागलेल्या बाईला साधं "हो का?" म्हणायचंही त्राण उरत नाही.

बांधावरचं चित्र फार गोड करून सांगायचं नाही मला. मजुरी बुडाली तर चूल पेटायची नाही, म्हणून ती पोरं तिथं असतात. म्हातारी नसेल तर थोरली बहीण शाळा बुडवून झोळीपाशी बसते. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात एक शहाणपणाची तरतूद होती. कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांच्यातल्याच एकीनं मुलं सांभाळायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. मूल सांभाळणं हे खणण्याइतकंच काम आहे, असं कायद्यानं मान्य केलं होतं. आपल्या घरांतून ते अजून मान्य व्हायचं आहे.

सरकारी बालवाड्यांचा धागाही आमच्या कुंभकोणमपर्यंत येतो. इथं जन्मलेल्या कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांच्या पत्नी मीना स्वामिनाथन यांच्या समितीनं 1972 मध्ये लहान मुलांविषयी अहवाल दिला. 1975 मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमागे त्या अहवालाचा मोठा वाटा होता. गावोगावच्या अंगणवाड्या त्या योजनेतल्या. पण अगदी तान्ह्यांना बहुतेक ठिकाणी आहाराचं पाकीट मिळतं, दिवसभर सांभाळणारे हात मिळत नाहीत. मीनाबाई पाळणाघरांसाठी पुढेही झगडत राहिल्या.

आता आईच्या मनाविषयी. वेल्लोरच्या डॉक्टरांनी तमिळनाडूतल्या खेड्यांत केलेला अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शंभरातल्या अकरा जणींना बाळंतपणानंतर नव्यानं नैराश्य आलेलं दिसलं. कारणं कोणती? कमी मिळकत, मुलगा हवा असताना मुलगी होणं, सासूशी किंवा माहेरच्यांशी बिनसणं, कामाला हात नसणं. मीही सासू होते, तेव्हा यादीतलं तिसरं कारण वाचून जरा खोकले! त्याच वर्षीच्या, गोव्यातल्या म्हापशाच्या अभ्यासात तर बाळंत होऊन सहा ते आठ आठवडे झालेल्या आयांपैकी 23 टक्के जणींना नैराश्य होतं. पुढे गोव्यातच गावातल्या अनुभवी बायकांना शिकवून गरोदर आणि बाळंत बायकांशी बोलायला घरोघर पाठवलं, त्याचा काही प्रमाणात उपयोग झाला. म्हणजे दरवेळी मोठा डॉक्टरच लागतो असं नाही; ऐकणारी शेजारीणही कामाला येते.

तर माझं सांगणं एवढंच. नातवाला सांग, रात्रीचं एक जागरण त्याचं. आणि ती "मदत" नव्हे, त्याच्या वाट्याचं काम आहे. दुपारी तासभर बाळ समोरच्या काकूंकडे दे. त्या तासात भांडी घासू नकोस. सल्ला द्यायला येणाऱ्या बाईच्या हाती आधी बाळ दे, सल्ला मग ऐक. आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास राहिलं, बाळ जवळ घ्यावंसं वाटेना, जेवण जाईना, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांग. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असं मनात आलं, तर मात्र एक दिवसही थांबू नकोस. घरच्यांना उठव आणि तडक दवाखाना गाठ. सरकारच्या टेलीमानस या मनाच्या आजारांसाठीच्या फोनसेवेचा 14416 हा नंबर रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीतही बोलतात.

लावणी आटोपली की मी येते. बाळाला बघायला सगळेच येतात, मी तुझ्याकडे येणार आहे. तोवर या पत्राला उत्तर लिहीत बसू नकोस, तेवढा वेळ झोप.

तुझी,
आजेसासू