परसातील सत्संग

सज्जनहो, संगतीचा महिमा आपण आमच्या तोंडून आजवर पुष्कळ ऐकला आहे. परिसाने लोखंडाचे सोने होते, चंदनाशेजारी बाभळीला सुवास येतो, हे दृष्टांत आम्ही चाळीस वर्षे देत आलो आणि आपणही मान डोलावीत आलात. पण परीस पाहिला आहे कुणी? आम्ही तर नाही पाहिला. दृष्टांत असा हवा की सकाळी उठून हात लावून पाहता यावा. तसा हवा असेल तर घरामागच्या परसात चला. मोरीचे पाणी जिथे जाते, तिथे दोन वाफे वांग्याचे, एक मांडव दोडक्याचा, एवढे पुरे आहे.

ही वाट आमची नव्हे, सावतोबांची आहे. सोलापूर जिल्ह्यात माढे तालुक्यातील अरण हे त्यांचे गाव. शके १२१७, म्हणजे इसवी सन १२९५, आषाढ वद्य चतुर्दशीला ते तिथेच समाधिस्थ झाले. त्यांनी मळा सोडला नाही आणि देवालाही सोडले नाही. त्यांच्या अभंगातली भाज्यांची नावे आपल्या घरात पोराटोरांनाही पाठ आहेत, म्हणून इथे देत नाही. आम्हांला एवढेच म्हणायचे आहे की, मळ्यात देव पाहणाऱ्या माणसाने मळाही नीट पाहिला असला पाहिजे.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. सहाव्या शतकातील वराहमिहिरांच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेद नावाचा एक अध्याय आहे. झाडे लावण्यापूर्वी जमिनीत तीळ पेरावेत आणि ते फुलावर आले की तिथेच तुडवून मातीत मिसळावेत, असे त्यात सांगितले आहे. तिळाला स्वतःचे फळ मिळतच नाही, तो पुढे येणाऱ्यासाठी जागा मऊ करून जातो. त्याच अध्यायात दोन झाडांमधले अंतरही दिले आहे. वीस हात उत्तम, सोळा मध्यम आणि निदान बारा तरी पाहिजे. एकमेकांना घासणारी, मुळे गुंतलेली झाडे पीडित होऊन चांगले फळ देत नाहीत, असा स्पष्ट निर्वाळा आहे. हे आमच्या पाठशाळेत आम्ही घोकले होते. पण आमच्या लक्षात राहिले ते वीस-सोळा-बारा, त्यातला मथितार्थ पुष्कळ उशिरा कळला. जवळ असणे म्हणजे संगत नव्हे. वांग्याला दोन-अडीच फूट मोकळे न सोडता गच्च लावले, तर ती सगळी वांगीच आहेत, सगळी एकाच वाफ्यात आहेत, पण एकही धड धरत नाही. एका छपराखाली चार भाऊ राहतात आणि कुणाचेच फळ पोसत नाही, असे घर आपण पाहिले आहे की नाही?

दुसरी गोष्ट कुळाची. वांगे, टोमॅटो, मिरची, बटाटा हे एका कुळातले. सोयरीक म्हणून त्यांना शेजारी बसवाल, तर त्यांची दुखणीही एकच असतात. टोमॅटोला मर लागली की ती वांग्यामिरचीपर्यंत पोचते, बटाट्याचा करपा टोमॅटोवर येतो. म्हणून यांच्यामध्ये परके कुळ बसवावे. कांदा बसवा, मेथी बसवा, चवळी बसवा. आपल्याच जातीचा घोळका म्हणजे सत्संग, असे मानणाऱ्यांनी हा वाफा जरूर पाहावा. दिंडीत अठरापगड माणूस एका टाळावर चालतो, त्याचे महत्त्व आम्हांला या कारणानेही वाटते.

चवळी, घेवडा, वाल, गवार यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतले नत्र धरून झाडाला देतात आणि झाड त्यांना अन्न देते. देणेघेणे दोन्हीकडून आहे. पुष्कळांची समजूत अशी की, चवळी शेजारी लावली की वांग्याला लगेच खत मिळाले. तसे फारसे होत नाही. चवळी जिवंत असेतो बहुतेक नत्र स्वतःपाशीच ठेवते. शेंगा संपल्यावर वेल उपटू नका, जमिनीलगत कापा आणि मुळे आत कुजू द्या, म्हणजे पुढच्या पिकाला ते मिळते. संगतीचे फळ आज मागणाऱ्याने थोडा दम धरावा.

इथे एक सावधगिरी सांगतो. सूत्रकृमी लागलेल्या टोमॅटोच्या मुळांवरही गाठी दिसतात आणि नवखा माणूस दोन्ही एकच समजतो. चवळीची गाठ अंगठ्याने सहज निघते आणि फोडली तर आत तांबूस असते. सूत्रकृमीची गाठ निघत नाही, कारण ते मूळच सुजलेले असते. एक गाठ झाडाला पोसते, दुसरी झाडाला खाते. गाठ पडली एवढ्यावरून आपुलकी ठरवू नये, नख लावून पाहावे.

झेंडूचे पुष्कळ बोलले जाते. दसऱ्याचे हे फूल मूळचे मेक्सिकोकडचे, आणि टोमॅटोही त्याच खंडातला. पण कोपऱ्यात झेंडूचे एक झाड ठेवले की मुळांतली कीड गेली, हा निव्वळ भाबडेपणा आहे. सूत्रकृमीसाठी झेंडू त्या जागेवर दाट लावून हंगामभर राखावा लागतो. एकदा कीर्तनाला येऊन बुक्का लावून गेल्याने जसे मन पालटत नाही, तसेच हे. फळ पोखरणाऱ्या अळीचे मात्र निराळे आहे. बंगळूरच्या भारतीय बागवानी अनुसंधान संस्थेतील शास्त्रज्ञांनी याविषयीचे संशोधन १९९४ साली प्रसिद्ध केले. झेंडूचे रोप चाळीस दिवसांचे आणि टोमॅटोचे पंचवीस दिवसांचे घेऊन एकदमच लावावे, म्हणजे दोन्ही एका सुमारास फुलतात. मग पतंग आपली अंडी टोमॅटो सोडून झेंडूच्या कळ्यांवर घालतो.

त्याच संस्थेने १९९१ साली कोबी आणि मोहरीची जोडी सांगितली. कोबीवर येणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीवर अधिक ओढला जातो. म्हणून कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घालायच्या. एक ओळ कोबीच्या पंधरा दिवस आधी पेरायची, दुसरी कोबी लावल्यावर पंचवीस दिवसांनी. मोहरी अळ्या आपल्या अंगावर घेते आणि कोबीचा गड्डा स्वच्छ राहतो.

हा दृष्टांत आम्ही एका गावी निरूपणात घेतला. त्यागाचा महिमा सांगितला, मंडळींनी टाळ्या दिल्या. कीर्तन उतरल्यावर एक पोक्त बाई पाया पडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "महाराज, आमच्या घरात ती मोहरी मीच की हो. पंचवीस वरसं झाली. सासऱ्यांचं अंथरूण झालं, दिराचं येसन झालं, आता नातवंडं. कोबी सगळे चांगले गरगरीत हायेत."

माउलीहो, यावर त्यागाचे आणखी चार श्लोक म्हणणे सोपे होते. आम्ही त्यांना शेतातला पुढचा भाग सांगितला, जो टाळ्यांच्या भरात निरूपणात राहून गेला होता. मोहरी पेरून माळी झोपी गेला, तर अळ्या मोहरीवर वाढतात, मोहरी संपते आणि सगळी कीड कोबीवर उतरते. शहाणा माळी सकाळी आधी मोहरीकडे जातो, पाने उलटून पाहतो, अळ्या वेचतो आणि निंबोळीचा अर्क फवारतो. औषधपाणी पहिले मोहरीला. शिवाय ती दुसरी ओळ असते ना, ती याचसाठी की पहिली थकेल तेव्हा भार घ्यायला कुणीतरी उभे असावे. पहिल्या ओळीनेच शेवटपर्यंत सोसावे, असे कुठल्याही कृषिशास्त्रात सांगितलेले नाही, आणि भागवतधर्मातही आमच्या वाचनात नाही. बाई म्हणाल्या, "ही दुसरी ओळ आमच्या मालकांनाबी सांगा." मालक मंडपात सतरंज्या गुंडाळीत होते. आम्ही त्यांना बोलावले आणि सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पण बोलले काही नाही.

तेव्हापासून वारीत आम्ही एक गोष्ट पाहत असतो. ज्या दिंडीत भाकरी थापणाऱ्या बायांची पाळी बदलते, तिथे त्यांनाही हरिपाठाला उभे राहायला मिळते. पाळी बदलत नाही तिथे त्या चुलीशीच पंढरपूरला पोचतात.

असो. ज्यांना यंदा परस करायचे आहे, त्यांच्यासाठी थोडे आणखी. वांगी पसरायला दोन महिने लागतात, तोवर मधल्या जागेत मेथी महिन्याभरात निघून जाते. मका वीतभर झाल्यावरच बुडाशी चवळी टोकावी, आधी टोकली तर वेल मक्यालाच ओढून पाडतो. दोडक्याच्या मांडवाखाली उन्हाची भाजी होत नाही, तिथे आळू आणि हळद सुखाने राहतात. कोथिंबिरीची चार झाडे न उपटता फुलू द्यावीत, मावा खाणारे मित्रकीटक त्या बारीक फुलांवर येतात. कोबी थंडीचा आहे. परसात पंचवीस ओळी कुणाच्या असणार? वाफ्याच्या दोन्ही कडांना मोहरी घातली तरी चालते. बी फोडणीच्या डब्यातले असले तरी उगवते. फक्त दुसऱ्या पेरणीसाठी मूठभर बाजूला काढून ठेवावे आणि पंचविसाव्या दिवसाची खूण पंचांगावर आजच करावी.