बाटली आणि नाम



माळ्यावरची जुनी पंचांगे परवा खाली काढली. तिथी-नक्षत्रांच्या शेजारी औषधांच्या जाहिराती होत्या. दमा, अपचन, संधिवात, अशक्तपणा, सगळे एकाच बाटलीने जाणार. रामबाण, अक्सीर, गुण न आल्यास पैसे परत. पत्ता कळवा, व्ही.पी.ने घरपोच पाठवू.

त्यांची रीत पाहा. आधी विचारायचे, सकाळी थकवा वाटतो का? अन्नावर वासना नाही का? झोप मोडते का? आता हे कोणाला होत नाही? धडधाकट माणूसही वाचता वाचता स्वतःला रोगी समजे. असा घाबरवला की मग बाटली पुढे करायची.

सरकारने १९५४ साली यासाठी कायदा केला. मधुमेह, मोतीबिंदू, अपस्मार, कर्करोग असे रोग अमुक औषधाने बरे होतात, अशी जाहिरात करण्यास मनाई झाली. त्याच कायद्यात चमत्कारी उपायांमध्ये ताईत, कवच आणि मंत्र यांचीही नावे आहेत. ते कळले तेव्हा मला राग आला. मंत्राला बाटलीच्या पंक्तीला बसवले!

पण मग एक गोष्ट आठवली, ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे. तरुणपणी एका गावच्या सप्ताहात मी आवेशाने बोलून गेलो, ‘नाम घ्या, औषध हवे कशाला?’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी तिथेच एक बाई पाया पडली. म्हणाली, ‘महाराज, तुमचं ऐकून यांनी क्षयाच्या गोळ्या सोडल्या. नाम घेत घेत गेले हो.’ तिने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते.

मी खोटे बोललो का? नाम खरे आहे, यात मला आजही शंका नाही. पण संत नामाला औषध म्हणतात ते भवरोगावरचे. मी ते क्षयावरचे म्हणून सांगितले. जे वचन द्यायचा मला अधिकार नव्हता, ते मी नामाच्या गळ्यात बांधले. जाहिरातवाला निदान पैसे परत देऊ म्हणे. मी त्या माउलीला काय परत देणार होतो?

म्हणून सांगतो, व्यासपीठावरून कोणी रोग बरा करण्याची हमी दिली, तर त्याच्या गळ्यात तुळशीची माळ असली तरी ती जाहिरातच समजा. डॉक्टरांची गोळी वेळेवर घ्या. घेताना मुखी नाम असू द्या.

रामकृष्णहरी.