निरोगी मनुष्याचा वैद्य

आमचे थोरले काका एक गोष्ट मोठ्या अभिमानानें सांगत असत. ती ही कीं, आपण उभ्या जन्मांत डॉक्टरची पायरी चढलों नाहीं. घरांतील लहानथोर मंडळी हें कौतुकानें ऐकत, आणि मीहि त्यांपैकींच एक होतों. त्यांची साठीशांत झाली त्याच वर्षीं एके दिवशीं पहाटे त्यांची उजवी बाजू लुळी पडली व वाचा गेली. रुग्णालयांत रक्तदाब मोजल्यावर डॉक्टरांनीं विचारलें, "हा विकार यांना किती वर्षांपासून आहे?" आम्हांपैकीं कोणालाहि उत्तर देतां आलें नाहीं. पुढें नऊ वर्षें काकूनें त्यांना घांस भरविला. अभिमान काकांचा एकट्याचा होता. त्याचें मोल मात्र काकूला भरावें लागलें.

तेव्हांपासून एक प्रश्न माझ्या मनांत घोळत आहे. ज्याला कांहींच होत नाहीं, अशा मनुष्यानें वैद्याकडे जाणें हें त्याचें कर्तव्य आहे काय? यावर दोन आक्षेप निघतात. पहिला असा कीं, देह माझा आहे व त्याची जोपासना करणें न करणें माझ्या खुषीचें आहे. दुसरा असा कीं, दुखत नसतां दुखणें हुडकीत हिंडणें हें भित्रेपणाचें लक्षण आहे.

पहिला आक्षेप काकूकडे पाहिलें म्हणजे टिकत नाहीं. देह माझा खरा. पण तो पडल्यावर उचलणारे हात माझे नसतात. आयुर्वेदानें आपलें प्रयोजन सांगतांना निरोग्याचें आरोग्य राखणें हें रोग्याचा रोग घालविण्याच्या आधीं मांडलें, त्यांत मोठें शहाणपण आहे. कित्येक विकार मुकेपणानें वाढतात. रक्तदाब १४०/९० च्या वर राहूं लागला तरी बहुधा डोकेंहि दुखत नाहीं; तो मोजल्यावांचून कळावयाचा नाहीं. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ सालीं एक दीर्घ अभ्यास आरंभिला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका वरकरणी धडधाकट अशा स्त्रियांच्या गर्भाशयमुखास व्हिनेगरमध्यें असतें तें सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनीं तपासणी करीत. २०१३ सालीं त्याचें फलित जाहीर झालें : एवढ्या साध्या उपायानें त्या कर्करोगाचे मृत्यु ३१ टक्क्यांनीं घटले होते. त्या स्त्रिया भित्र्या होत्या, असें कोण म्हणेल?

दुसऱ्या आक्षेपांत मात्र सत्याचा अंश आहे. दक्षिण कोरियांत सरकारी खर्चानें कांहीं कर्करोगांची तपासणी सुरू झाली, तेव्हां थोडे पैसे अधिक घेऊन गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचीहि सोनोग्राफी करून देण्याची चाल पडली. २०११ सालीं तेथें या ग्रंथीच्या कर्करोगाचें निदान १९९३ च्या मानानें पंधरापट होऊं लागलें. मृत्यूचें प्रमाण मात्र होतें तेवढेंच राहिलें. हजारों लोकांची ग्रंथि काढली गेली, व त्यांतील बहुतेकांस जन्मभर गोळ्या घेणें आलें. तात्पर्य, न शोधणें हा जसा प्रमाद, तसा वाटेल तें शोधणें हाहि प्रमादच होय. आमच्याकडेहि सणासुदीच्या सवलतीप्रमाणें तपासण्यांचे जुडगे विकावयास येतात. त्यांतील घ्यावें काय व सोडावें काय, हें छापील कागद सांगूं शकत नाहीं. तें सांगावयास आपलें वय, आपलें कूळ, आपला धंदा व आपल्या खोडी जाणणारा कोणी एक मनुष्य लागतो.

म्हणून खरा प्रश्न तपासणीचा नसून डॉक्टर निवडण्याचा आहे. आपण ही निवड कशी करतों? पदव्यांची रांग व दिवाणखान्याचा थाट पाहून. किंवा त्याहून वाईट म्हणजे, आपल्याला रुचेल तेंच बोलणारा सांपडेपर्यंत डॉक्टर बदलून. पदवी व नोंदणी पाहावी, घर जवळ असावें, हें सर्व खरें. परंतु माझ्या मतें मुख्य कसोटी निराळी आहे. जो इंजेक्शन मागितल्यास "गरज नाहीं" म्हणतो, जें आपल्या आवांक्याबाहेरचें तें वेळेवर दुसऱ्याकडे धाडतो, आणि जो आपल्याला अप्रिय गोष्ट सांगण्यास कचरत नाहीं, तोच घरचा डॉक्टर होण्यास पात्र. डॉक्टर निवडणें म्हणजे आपल्या चुका दाखविण्याचा अधिकार कोणाला द्यावयाचा, हें ठरविणें होय. आणि हा अधिकार दिल्यावर आपल्याकडेहि कांहीं ऋण येतें : कागदपत्रें जपून ठेवणें, सांगितलेल्या दिवशीं जाणें, आणि खरें बोलणें. द्रव्याची सबब आम्हां पांढरपेशांना शोभत नाहीं. तिशीपुढील प्रत्येकाचा रक्तदाब व साखर सरकारी आरोग्यकेंद्रांत विनामूल्य मोजली जाते.

काकांच्या आजारानंतर मी घराजवळच्या एका डॉक्टरांकडे गेलों. मला "सगळ्या" तपासण्या हव्या होत्या, त्यांनीं माझ्या यादींतील अर्ध्याहून अधिक खोडून टाकल्या, दाब मोजला, कंबरेचा घेर मोजला, आणि विचारलें, "तंबाखू किती?" मीं म्हटलें, "कधींमधीं." त्यांनीं कागदावर कांहींच लिहिलें नाहीं, लेखणी हातांत धरून ते नुसते माझ्याकडे पाहत राहिले. थोड्या वेळानें मीं खरा आकडा सांगितला. तेव्हां कोठें त्यांनीं लिहावयास आरंभ केला, आणि त्या क्षणापासून ते माझे डॉक्टर झाले, असें मी समजतों. काकांच्या श्राद्धाच्या आठवड्यांत मी दरवर्षीं त्यांच्याकडे जातों. बहुधा मला कांहींच होत नसतें. परंतु जाण्याचा दिवस तोच, हें मला काकांनीं शिकविलें आहे.